ओढा की ओघळ? बांधावरच्या पाण्याचे दावे

आमच्या घरच्या कागदांच्या गाठोड्यात खरेदीखतं आणि उताऱ्यांसोबत पाण्याच्या एका दाव्याचे कागद निघाले. एका बाजूला माझे आजोबा, दुसऱ्या बाजूला वरच्या भातशेताचे मालक. बेळगावच्या शिवारात असले कज्जे नवे नाहीत; पण त्या काळचा कायदा ठाऊक नसेल तर कागद वाचूनही उलगडा होत नाही.

१८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. कलम ७ प्रमाणे वरच्या शेतात पडलेलं पावसाचं पाणी उतारानं खाली येतं, ते खालच्यानं येऊ द्यायचं. बांध घालून अडवायचं नाही. पण ठरावीक पात्रातून न वाहणारं पाणी वरच्यानं आपल्या हद्दीत साठवायला मुभा आहे. म्हणजे आषाढात नको असलेलं पाणी खालच्यानं सोसायचं, आणि भाद्रपदात पावसानं ओढ दिली तर तेच पाणी मागायची सोय नाही! कलम १७ नुसार असल्या पाण्यावर कितीही वर्षांच्या वहिवाटीनं हक्क लागत नाही.

ओढ्याची गोष्ट वेगळी. त्याचा प्रवाह काठच्या प्रत्येकाकडे पोचला पाहिजे. म्हणून असल्या दाव्यात मोठा प्रश्न असतो तो हाच: हा ओढा, की पावसात तेवढीच वाहणारी ओघळ?

पीक कोर्टासाठी थांबत नाही, हे सरकारलाही कळत होतं. १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्यानं पाण्याचा अडथळा काढायचा आणि शेतीच्या पाटाचा वापर पूर्ववत करून द्यायचा अधिकार मामलेदाराला दिला. अट एकच, तक्रार सहा महिन्यांच्या आत हवी.

आमच्याकडे नेमकं इथंच चुकलं. ओढ्याचं पाणी वरच्या शेतातल्या पाटानं आमच्याकडे येत असे. तो पाट वरच्यानं बुजवला. आजोबा गावातच समजुतीनं मिटेल म्हणून थांबले आणि मुदत गेली. मग दिवाणी दावा. कलम १५ प्रमाणे वीस वर्षं उघडपणे, बिनहरकत आणि हक्क म्हणून पाणी नेलेलं दाखवायचं होतं. वर्षं तर वीसच्या वर भरत होती. पण उलटतपासणीत विचारलं गेलं, पाणी मागून नेत होता का? आजोबा म्हणाले, होय, दरसाल पाट उघडण्याआधी विचारत होतो, शेजारी आहेत ते.

दावा तिथंच गेला. विचारून नेलेलं पाणी परवानगीचं ठरतं, हक्काचं नव्हे. न विचारता नेलं असतं तर कदाचित पाट आमचा राहिला असता.

घरात आजवर एवढंच सांगितलं जायचं, की आजोबा कोर्टात हरले. जबाब वाचल्यावर मला ते तसं म्हणवत नाही. तुमच्या गाठोड्यात असा दावा असेल तर निकालाच्या आधी जबाब वाचा.