शक्तिलोप आणि सक्तीचे अवतरण

हौशी माणसाने स्वतः बांधलेल्या विमानाचे इंजिन हवेत बंद पडले की दोष इंजिनाच्या माथी मारला जातो. पुष्कळदा इंजिन धडधाकट असते. त्याच्यापर्यंत इंधन, हवा किंवा ठिणगी पोचत नाही. अमेरिकेत अशा विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी हातांनी झालेले असावे लागते. टाक्या, नळ्या, तोट्या यांची जोडणी म्हणून ज्याच्या त्याच्या पद्धतीची होते, आणि एकाच आराखड्याची दोन विमानेही तंतोतंत सारखी निघत नाहीत.

शक्तिलोपाची कारणे तीन वर्गांत बसतात.

१. इंधन : टाकी कोरडी पडणे वेगळे आणि टाकीतले इंधन इंजिनापर्यंत न पोचणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात नळीतला कचरा, उष्णतेने धरलेली वाफ किंवा रिकाम्या टाकीवर राहिलेली तोटी कारणीभूत ठरते.

२. हवा : कार्ब्युरेटरात दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते आणि तापमान झपाट्याने घसरते. बाहेर २० अंश सेल्सिअस असले, तरी दमट हवेत आत बर्फ धरतो.

३. प्रज्वलन व यंत्रभाग : मोटारीचे इंजिन विमानात बसवले, की पंख्याचे गिअर, थंडाव्याची सोय, वायरिंग हे सारे नव्याने जुळवावे लागते.

पण शक्तिलोप म्हणजे अपघात नव्हे. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर यांचे लाँग-ईझेड हे हौशी बांधणीचे विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. आराखड्यात इंधनाची तोटी वैमानिकाच्या दोन पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने ती डाव्या खांद्यामागे बसवली होती. उड्डाणाआधी इंधन भरलेले नव्हते. तोटी फिरवण्याच्या खटपटीत लक्ष उडाले, नकळत उजवे रडर दाबले गेले आणि ताबा सुटला, असा अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा निष्कर्ष आहे.

इंजिनाविना विमान दगडासारखे पडत नाही, तरंगत उतरते. एक मीटर उतरताना दहा मीटर पुढे जाणारे विमान ३०० मीटर उंचीवरून, वारा नसताना, तीन किलोमीटर कापते. धोका मागे वळण्यात असतो. समपातळीतल्या वळणात ४५ अंश कललेल्या विमानाला तोल राखायला लागणारा किमान वेग सुमारे १९ टक्के वाढतो, ६० अंशांत ४१ टक्के. वेग तेवढा नसेल तर पंखांची उचल तुटते. म्हणूनच उड्डाणानंतर लगेच इंजिन गेले, तर सोडलेल्या धावपट्टीचा मोह टाळून समोरचे शेत गाठावे. मात्र टेकताना वेग हवा तेवढाच असावा : ताशी १०० ऐवजी १४० किलोमीटरने टेकल्यास आघाताची ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते.

क्रम असा ठरतो : आधी वेग, मग जागा, आणि उंची उरलीच तर कारणाचा शोध. हा क्रम वैमानिकाला पाळता येईल की नाही, हे बरेचसे कार्यशाळेतच ठरलेले असते. मान न वळवता जिच्यापर्यंत हात पोचतो, तीच तोटी योग्य जागी बसवलेली.