शिक्षक खाली उतरतो : वैमानिकाच्या परवान्याची कथा

बैलगाडी हाकायला तुम्ही कसे शिकलात, ते आठवते का? आधी वडिलांच्या मांडीला मांडी लावून बैलांची चाल पाहात बसायचे. मग एखाद्या दिवशी सरळ रस्ता लागला म्हणजे वडील कासरा आपल्या हाती देत, पण त्यांचा हात जवळच असे. आणि मग एके दिवशी ते गाडीतून खाली उतरत आणि म्हणत, "जा, मळ्यात घेऊन जा." त्या दिवशी आपण गाडीवान झालो. आज तुम्हाला जी हकिगत सांगणार आहे ती विमानाची आहे. परंतु तिच्यातला मुख्य प्रश्न हाच आहे, की शिकवणाऱ्याने खाली केव्हा उतरावे?

विमान चालवण्यास परवाना लागतो हे आपण सगळे जाणतो. पण हा परवाना द्यायचा कशावरून? पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ साली पॅरिस येथे अनेक राष्ट्रांचा एक करार झाला. खाजगी वैमानिकाची परीक्षा कशी असावी, हे त्यात लिहून ठेवले होते. पहिली अट अशी, की परीक्षेच्या वेळी उमेदवार विमानात एकटाच असला पाहिजे. त्याने २,००० मीटर उंची गाठावयाची. उतरताना १,५०० मीटरवर आला, की इंजिन बंद करावयाचे आणि ते पुन्हा सुरू न करता, तरंगत तरंगत, आधी ठरवून दिलेल्या खुणेपासून १५० मीटरांच्या आत उतरावयाचे! दुसऱ्या परीक्षेत ५०० मीटर अंतरावर दोन खांब. त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या पाच फेऱ्या घ्यावयाच्या, आणि त्याही जमिनीपासून २०० मीटरांच्या आत राहून. आपल्या मराठी आठाने तेथे काम भागत नाही, बरं का! शिवाय दिवे, खुणा आणि आकाशातल्या वाहतुकीचे नियम यांची माहिती हवी ती वेगळीच.

इंजिन मुद्दाम बंद करावयास का सांगत असतील? कारण साधे आहे. त्या काळची इंजिने वाटेत केव्हा दगा देतील याचा नेम नसे. इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे खाली येत नाही. पुरेसा वेग असेल तोवर पंख त्याला तोलून धरतात. नाक थोडे खाली केले, की उंची खर्च होते आणि तिच्या मोबदल्यात वेग मिळतो. हा हिशेब ज्याला कळला, तो एखादे मोकळे शेत हेरून सुखरूप उतरू शकतो. ज्याला कळला नाही, तो घाबरून नाक वर खेचतो, वेग गमावतो आणि जिवाला मुकतो. परीक्षा पाहावयाची ती शेत हेरणाऱ्या या शांत डोक्याची.

हे शांत डोके घडवावयाचे कसे? येथे एका शिक्षकाचे नाव घेतले पाहिजे. इंग्लंडमध्ये गॉस्पोर्ट नावाच्या गावी १९१७ साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी या अधिकाऱ्याने शिकवण्याची रीतच बदलून टाकली. तोपर्यंत शिकाऊ वैमानिकाला धोक्याच्या कसरतींपासून दूर ठेवण्याकडे कल असे. स्मिथ-बॅरीचे म्हणणे उलटे होते. धोका टाळून तो कळत नाही. विद्यार्थ्याला मुद्दाम धोक्यात न्या, आणि त्यातून बाहेर कसे यायचे ते त्याच्याच हातून करून घ्या. त्यासाठी विमानात दोन जागा आणि चालवण्याची साधने दोघांपाशी. शिक्षकाचे बोलणे वाऱ्यात हरवू नये म्हणून एक रबरी नळी वापरीत. शिक्षक आपल्या तोंडाशी बोले आणि विद्यार्थ्याला ते कानात ऐकू येई. पुढे जगभर हीच पद्धत रुजली.

आता आपल्याकडे येऊ. हिंदी माणसाला उडता येते हे काही सिद्ध व्हावयाचे राहिले नव्हते. कलकत्त्याचे इंद्रलाल रॉय पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानदलात लढले आणि १९१८ साली, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी, फ्रान्सच्या आकाशात धारातीर्थी पडले. परंतु घरी राहून, आपल्याच भूमीवर हे शिक्षण घ्यावे, अशी सोय झाली ती १९२८-२९ च्या सुमारास, दिल्ली, कराची, कलकत्ता, मुंबई येथे फ्लाइंग क्लब निघाले तेव्हा. मुंबईचा क्लब जुहूला होता. समुद्राकाठची ती सपाट जमीन उन्हाळ्यात ठीक असे, पण पावसाळ्यात तिचा नुसता चिखल होई.

या क्लबांतून विमाने असत ती 'मॉथ' जातीची. मॉथ म्हणजे पतंग, दिव्यावर झेप घेणारा तो कीटक. लाकडी सांगाडा, वरून कापड, एकावर एक असे दोन पंख, एकामागे एक अशा दोन उघड्या जागा. पुढे शिक्षक, मागे विद्यार्थी. पंख्याला हाताने हिसका देऊन इंजिन सुरू करावे लागे. पंख दुमडून ठेवता येत, म्हणून जागाही कमी लागे. 'जिप्सी मॉथ'ची किंमत इंग्लंडात सुमारे ६५० पौंड होती, म्हणजे त्या वेळच्या भावाने साडेआठ हजार रुपयांच्या वर. शेतकऱ्याच्या घरची ही गोष्ट नव्हे, हे उघड आहे. क्लबात शिकावयास येत ती बहुतेक सुखवस्तू घरांतली मुले. हे सत्य झाकून ठेवण्याचे कारण नाही.

जुहूच्या या क्लबात १९२९ च्या जानेवारीत चोवीस वर्षांचा एक तरुण दाखल झाला. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. बालपणी फ्रान्सच्या किनाऱ्यावर सुटीत राहात असता त्याने विमाने पाहिली होती. इंग्लिश खाडी १९०९ साली प्रथम विमानाने ओलांडणारा ब्लेरियो याचे घर तेथून जवळच होते. ते वेड मनात घेऊन हा तरुण आला. शिक्षकाबरोबर पुरते चार तासही झाले नव्हते, तोच शिक्षकाने त्याला एकट्याने उडू दिले. आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी 'एरो क्लब ऑफ इंडिया अँड बर्मा' या संस्थेचा परवाना त्याच्या हाती पडला. त्यावर क्रमांक होता १.

चार तासांच्या आत! आपण शिक्षक मंडळींनी येथे क्षणभर थांबावे. विद्यार्थी पूर्ण तयार होईपर्यंत थांबावयाचे म्हटले, तर कोणीच कधी खाली उतरणार नाही. आणि घाईने उतरावे, तर समोर जीव जातो. त्या शिक्षकाने काय पाहिले असेल? चूक होत नाही हे नव्हे. चूक झाल्याबरोबर विद्यार्थ्याला ती स्वतःच उमगते आणि तो स्वतःच सावरतो, हे.

परवान्याने माणूस नुसता उडावयास शिकतो, की आणखीही काही? पुढल्याच वर्षाची हकिगत ऐका. आगाखान यांनी ५०० पौंडांचे बक्षीस लावले होते. इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास, कोणत्याही बाजूने, एकट्याने आणि ठरल्या मुदतीत प्रथम करील त्या हिंदी वैमानिकाला ते मिळावयाचे. १९३० च्या मे महिन्यात टाटा कराचीहून निघाले. समोरून, इंग्लंडहून, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनीयर येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडला होता, कारण त्याला इंजिनासाठी स्पार्क प्लग हवा होता. टाटांपाशी जादा प्लग होता. तो त्यांनी देऊन टाकला. अस्पी कराचीस आधी पोचला आणि बक्षीस त्याला मिळाले. हाच अस्पी इंजिनीयर १९६० साली भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. आणि टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणून देशातल्या विमान वाहतुकीचा पाया घातला.

स्त्रियाही मागे नव्हत्या. ऊर्मिला पारीख यांना १९३२ साली परवाना मिळाला. १९३६ साली लाहोरच्या क्लबात सरला ठकराल यांनी साडी नेसूनच मॉथ विमान एकटीने उडवले. त्या वेळी त्यांच्या घरी चार वर्षांची मुलगी होती.

आज काळ पालटला आहे. भारतात खाजगी वैमानिकाच्या परवान्यासाठी वयाची सतरा वर्षे पुरी व्हावी लागतात, वैद्यकीय तपासणी होते, लेखी परीक्षा असतात आणि किमान ४० तासांचे उड्डाण लागते. चार तासांच्या आत एकट्याने उडू देण्याचे दिवस गेले, आणि ते बरेच झाले. अलीकडच्या काळात धुळे, बारामती, गोंदिया अशा ठिकाणीही विमानशिक्षणाची सोय झाली. तिकडच्या शेतात काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावरून शिकाऊ विमान घिरट्या घेत जाते. खर्च मात्र अजूनही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो कसा आवाक्यात यावा, याचा विचार समाजाने करावयास हवा.

पण एक गोष्ट १९२९ पासून बदललेली नाही. आजही तो दिवस येतो, की शिक्षक पट्टा सोडतो, खाली उतरतो आणि बाजूला उभा राहतो. विमान हलके झालेले असते, त्यामुळे ते नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडते. विद्यार्थ्याला शेजारची जागा रिकामी दिसते. आणि खाली उभ्या असलेल्या शिक्षकाला, विमान पुन्हा जमिनीला लागेपर्यंत, मान वर करून पाहात राहण्यावाचून दुसरे काहीच करता येत नाही. आपल्या शाळेतून मूल बाहेर पडते तेव्हा आपणही असेच उभे असतो, नाही का?