पाण्याखालील यंत्रयानांचे बिनतारी संदेशवहन

माणूस आत न बसता पाण्याखाली फिरणाऱ्या यानाशी तारेविना संपर्क ठेवण्याच्या पद्धती. केबल जोडलेल्या यानाकडून सलग चित्रण मिळते, पण ते यान केबलपलीकडे जाऊ शकत नाही. स्वयंचलित यान मोकळे सुटते आणि संपर्काची खरी अडचण तिथूनच सुरू होते.

खारे पाणी विजेचे वाहक असल्याने रेडिओलहरी त्यात झपाट्याने विरतात. १० किलोहर्ट्‌झच्या लहरीचा जोर सुमारे अडीच मीटरांत ३७ टक्क्यांवर येतो. वायफायची लहर काही सेंटीमीटरांतच संपते. तमिळनाडूतील आयएनएस कट्टबोम्मन या नौदल केंद्रावरून अतिनिम्न वारंवारतेवर पाणबुड्यांना संदेश जातात, पण तो मार्ग एकतर्फी आहे आणि त्याला अवाढव्य अँटेना लागतो. छोट्या यानाला तो परवडणारा नाही.

म्हणून मुख्य भिस्त ध्वनीवर. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. तीन किलोमीटरवरच्या यानाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर यायला किमान चार सेकंद लागतात. वारंवारता वाढवली तर माहिती जास्त जाते, पण पल्ला घटतो. काही किलोमीटरांवर सेकंदाला फार तर काही किलोबिट पोचतात. चित्रणाचा तर प्रश्नच नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतचा उथळ समुद्र त्याहून कठीण. एकच संदेश पृष्ठभागावर आणि तळावर आपटून अनेक वाटांनी, मागेपुढे पोचतो आणि स्वतःतच मिसळतो. त्यात उष्ण कटिबंधातील एका जातीची कोळंबी नांगी झटक्यात मिटते, तेव्हाचा कडकडाट नेमका ध्वनीने संदेश पाठवणाऱ्या मोडेमच्या वारंवारतांत भरून राहतो. निळा-हिरवा प्रकाश मेगाबिटांच्या वेगाने माहिती नेतो, मात्र स्वच्छ पाण्यात आणि मोजक्या मीटरांपर्यंतच. गोव्यातील मांडवी नदीच्या पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात त्याचा उपयोग नाही.

गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने (स्थापना १९६६) एल्गर डेसा यांच्या नेतृत्वाखाली घडवलेले ‘माया’ हे यान या मर्यादा मान्य करूनच बांधलेले आहे. सुमारे पावणेदोन मीटर लांब, ५५ किलो वजनाचे हे यान २०० मीटर खोलीपर्यंत उतरण्यासाठी रचलेले आहे. बुडी मारल्यावर त्याला जीपीएसही मिळत नाही, त्यामुळे आखून दिलेल्या मार्गावर ते स्वतःच्या हिशेबाने चालते. पृष्ठभागावर आल्यावर जीपीएसने ठिकाण तपासते आणि रेडिओवरून बोलते. अशा रचनेत संपर्कयंत्रापेक्षा यानाची स्वतः निर्णय घेण्याची क्षमता मोलाची ठरते.

आणखी एक अडचण म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे ध्वनिमोडेम एकमेकांशी बोलू शकत नसत. २०१७ मध्ये नाटोने ‘जेनस’ हे सामाईक मानक स्वीकारले. त्याचा मूळ वेग सेकंदाला जेमतेम ८० बिट आहे.