त्या आगीला नाव नव्हतं

आमच्या ऑफिसात आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी म्हणतं, "आज दिवसभर नुसतं फायरफायटिंग चाललंय." सर्व्हर पडलेला असतो, क्लायंट ओरडत असतो, पण कुणाचा केससुद्धा जळलेला नसतो. मीही हा शब्द सर्रास वापरायचो. मग एका वीकेंडला हौस म्हणून वणव्याचं छोटंसं सिम्युलेशन लिहायला घेतलं. कॉम्प्युटरवर वणवा पसरवायचा म्हटलं की रिचर्ड रोथरमेल या अमेरिकन इंजिनिअरचं १९७२ सालचं समीकरण हमखास भेटतं. त्याच्यात इंधन किती बारीक, किती ओलं, वारा किती आणि चढ किती एवढं घातलं की आग किती वेगानं पुढे सरकेल ते कळतं. आकडे बदलून बघण्यात मजा येत होती. पुढे कळलं की १९९३ साली याच रोथरमेलनं ही गणितं एका जुन्या संध्याकाळला लावली होती, आणि त्या निबंधाच्या नावातच 'जिंकता न येणारी शर्यत' असं म्हटलं होतं. माझी मजा तिथेच संपली.

ती संध्याकाळ ५ ऑगस्ट १९४९ ची. ठिकाण अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातली मॅन गल्च नावाची घळ, जी खाली मिसुरी नदीला मिळते. त्या दिवशी जवळच्या हेलेना शहरात ९७ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३६ सेल्सिअस तापमान होतं. घळीच्या दक्षिणेकडच्या अंगाला वीज पडून आग लागली होती. विमानातून १५ 'स्मोकजंपर' उतरले, म्हणजे पॅराशूटनं उडी मारून वणवा विझवायला जाणारे. त्यांच्या रेडिओचं पॅराशूट उघडलंच नाही, रेडिओचा चुरा झाला. आधीच तिथे एकटा आग विझवत असलेला एक वनरक्षक त्यांना येऊन मिळाला. एकूण १६. म्होरक्या वॅग डॉज तेहतीस वर्षांचा, बाकीची बरीचशी पोरं कॉलेजातली. एक जण तर सतराच वर्षांचा होता आणि एकाचा त्याच दिवशी एकोणिसावा वाढदिवस होता. मी आज त्यांच्यातल्या जवळजवळ सगळ्यांपेक्षा मोठा आहे.

इथे थोडं तंत्र सांगायला हवं. आगीला तीन गोष्टी लागतात: इंधन, प्राणवायू आणि उष्णता. शहरातला बंब पाणी मारून उष्णता काढून घेतो. जंगलात डोंगरावर पाणी कुठून आणणार? म्हणून तिथे इंधन काढून घेतात. आगीच्या वाटेवर झाडोरा तोडून, पालापाचोळा खरवडून मातीचा उघडा पट्टा तयार करायचा, त्याला 'फायरलाइन' म्हणतात. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी जाळरेषा काढतं, त्यामागचा हिशोब हाच. अमेरिकेत या कामाचं हत्यार म्हणजे 'पुलास्की', एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ. एड पुलास्की हा खराखुरा माणूस. १९१० च्या महाभयंकर वणव्यात त्यानं आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात कोंबून वाचवलं होतं. फायरलाइनवर उभं राहून समोरच्या आगीच्या दिशेनं आपणच आग लावायची, म्हणजे दोन्ही आगी भिडून मधलं इंधन संपतं, याला 'बॅकफायर'. गंमत म्हणजे रोजच्या बोलण्यात आपण हा शब्द डाव उलटला या अर्थानं वापरतो.

तर डॉजचा बेत साधा होता. आग समोरच्या उतारावर, आपण अलीकडच्या उतारावरून नदीकडे उतरायचं आणि नदी पाठीशी ठेवून आग मागून धरायची. चालता चालता त्याला दिसलं की आग घळ ओलांडून अलीकडे आली आहे, त्यांच्या आणि नदीच्या मधोमध. वाऱ्यानं उडालेल्या निखाऱ्यांनी पुढे नवी आग पेटते, तिला 'स्पॉट फायर' म्हणतात. डॉजनं सगळ्यांना मागे वळवलं, म्हणजे चढाकडे. चढावर ज्वाळा वरच्या गवताकडे झुकतात, ते आधीच तापवतात, वाळवतात, आणि मग ते भसकन पेटतं. माणूस चढावर मंदावतो, आग मात्र चढावर धावते. त्यातून ते झाडीतून बाहेर पडून उंच, वाळलेल्या गवतात आले होते.

डॉज म्हणाला, अवजारं टाका. काहींनी टाकली, काहींच्या हातून ती सुटेनात. आणि मग त्यानं खिशातून काडेपेटी काढून पुढचं गवत पेटवलं.

मागे आग, आणि म्होरक्या पुढेही आग लावतोय! त्यानं खुणावलं, ओरडून सांगितलं, इकडे या, जळालेल्या जागेत शिरा. एकही जण थांबला नाही. डॉज एकटा आपल्याच आगीच्या राखेत पालथा पडला, बाटलीतल्या पाण्यानं भिजवलेला रुमाल तोंडावर धरून. मोठी आग दोन्ही बाजूंनी निघून गेली. ती पोरं माथ्याकडे धावत राहिली. दोघं कड्याच्या फटीतून पलीकडे निसटले. बाकी १३ जण गेले, त्यातले दोघं दुसऱ्या दिवशी इस्पितळात. एका मृताच्या घड्याळाचे काटे सहाला चार मिनिटं कमी असताना वितळून थांबले होते. मागे फिरल्यापासून तोवर जेमतेम दहाएक मिनिटं झाली होती.

हे वाचताना मला राग डॉजचाही आला नाही आणि त्या पोरांचाही. बॅकफायर त्यांना ठाऊक होती, पण तिला आधी फायरलाइन लागते, वेळ लागतो. डॉजनं जे केलं ते त्यांच्या प्रशिक्षणात नव्हतंच. नंतर चौकशीत त्यानंही सांगितलं की असं काही त्यानं कधी ऐकलं नव्हतं. गवताळ प्रेअरीवरच्या लोकांना मात्र ही युक्ती शंभर वर्षं आधीपासून माहीत होती. जेम्स फेनिमोर कूपरच्या १८२७ च्या 'द प्रेअरी' कादंबरीतही ती आहे. गवत पटकन पेटतं तसं पटकन संपतंही, म्हणून त्याच्या राखेत उभं राहता येतं. दाट झाडीत असं करता येत नाही. पण वनखात्याचं सगळं ज्ञान झाडांच्या आगीचं होतं. ओरडून सांगायला डॉजपाशी एक शब्दसुद्धा नव्हता. "एस्केप फायर!" एवढं ओरडला असता आणि समोरच्यांना ते कळलं असतं, तर? मला ही शक्यता छळते. प्रॉडक्शन बंद पडलेलं असताना मीही कॉलवर कुणाला समजावत बसत नाही. एक शब्द बोलतो, "रोलबॅक", आणि पलीकडचा कामाला लागतो, कारण तो शब्द आम्ही दोघांनी आधीच शिकलेला असतो.

चौकशी समितीनं डॉजला दोष दिला नाही. त्याचं ऐकलं असतं तर सगळे वाचले असते, असं तिचं मत पडलं. पण मृतांपैकी एकाचे वडील स्वतः जुने वनाधिकारी होते, आणि डॉजच्या आगीनंच पोरांची वाट अडवली असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. डॉज १९५५ मध्ये कर्करोगानं वारला.

त्यानंतर शब्द येत गेले. १९५७ मध्ये एका समितीनं १६ जीवघेण्या वणव्यांचा अभ्यास केला, मॅन गल्च त्यात होताच, आणि त्यातून आग विझवणाऱ्यांसाठी दहा आज्ञा निघाल्या. १९९० मध्ये ॲरिझोनात सहा जण गेले. त्या आगीवर असलेल्या पॉल ग्लीसननं पुढच्या वर्षी चार गोष्टींचं सूत्र मांडलं: टेहळ्या, संपर्क, निसटायची वाट, सुरक्षित जागा. यातली 'निसटायची वाट' काम सुरू करायच्या आधी ठरवायची आणि सगळ्यांना दाखवायची. १९९४ मध्ये कोलोरॅडोत १४ जण गेले, तेव्हा त्यांच्यातल्या काहींनी आगीपुढे चढावर पळतानाही अवजारं सोडली नव्हती.

मॅन गल्चच्या उतारावर जिथे जो पडला तिथे एकेक क्रूस रोवला आहे. त्यांतला एक जण ज्यू होता. हे लक्षात यायला बावन्न वर्षं लागली, आणि २००१ मध्ये त्याच्या जागी ज्यूंचा सहा टोकांचा तारा बसवला.