बंदुकीची नळी बदलणे : लेथवरचे काम आणि कायद्याची चौकट

नवी दिल्ली : परवान्याच्या जुन्या बंदुकीची नळी गंजली, आतून झिजली किंवा एखाद्या ठिकाणी फुगली की मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो ओळखीच्या वर्कशॉपचा. तेथे लेथ असतो, हात बसलेला टर्नर असतो आणि नळी म्हणजे पोलादी दांड्यातून आरपार पाडलेले भोक, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात भारतातील शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार शस्त्रनिर्मितीचा किंवा दुरुस्तीचा परवाना नसलेल्या व्यक्तीला हे काम करता येत नाही. केल्यास होणारी शिक्षा किरकोळ नाही.

या प्रश्नाकडे पाहण्याची दृष्टी सर्व देशांत सारखी नाही. अमेरिकेत १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार ‘शस्त्र’ मानली जाते ती बंदुकीची मुख्य चौकट. अनुक्रमांकही तिच्यावरच असतो. त्यामुळे तेथील संघीय कायद्याच्या दृष्टीने सुटी नळी हा केवळ एक भाग ठरतो आणि घरच्या लेथवर स्वतःच्या रायफलीला नवी नळी बसविणारे हौशी कारागीर तेथे बरेच आहेत. तेही सहसा आतून चऱ्या पाडलेली तयार नळी विकत आणतात आणि पुढील कातकाम, आटे व काडतुसाचे चेंबर तेवढे स्वतः करतात. भारतीय अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्या याच्या उलट आहे. ‘अग्निशस्त्र’ या संज्ञेत शस्त्राचे सुटे भाग येतात आणि ते तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते. नळी येथे स्वतःच शस्त्राच्या व्याख्येत बसते.

कायद्याचा हा कठोरपणा बाजूला ठेवला तरी नळी हा बंदुकीचा सर्वांत धोक्याचा भाग आहे. .३०३ रायफलीच्या चेंबरमध्ये गोळी सुटताना निर्माण होणारा दाब तीन हजार बारच्या पुढे जातो. मोटारीच्या चाकातील हवेचा दाब दोन-सव्वादोन बार असतो, यावरून या आकड्याची कल्पना यावी. बारा बोरच्या बंदुकीत तो सातशे बारच्या आसपास राहतो, पण तिची नळीही तितकीच पातळ असते. हा दाब सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या वेळात चढतो आणि तो झेलणारी नळी नेमबाजाच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर असते.

म्हणूनच नळीच्या कामात खरी कसोटी भोकाची नसून जोडाची असते. नळी बसविल्यावर बंद केलेला बोल्ट आणि चेंबरमध्ये टेकलेले काडतूस यांच्यात किती जागा उरते, याला या व्यवसायात हेडस्पेस म्हणतात. ती केसभर कमी पडली तर बोल्ट बंद होत नाही. केसभर जास्त झाली तर पितळी पुंगळी मागे ताणली जाऊन फाटू शकते आणि तप्त वायू मागच्या बाजूने बाहेर पडतो. ही मोजणी त्या त्या काडतुसासाठी बनविलेल्या खास गेजनेच होते, नजरेने नव्हे. पोलादाची जातही महत्त्वाची असते. बाजारात मिळणारा दांडा किंवा पाइप बाहेरून कितीही भक्कम दिसला तरी त्याच्या आत काय दोष आहे, हे लेथवर कळत नाही. लंडनमधील बंदूक कारागिरांच्या संघटनेला १६३७ मध्ये राजसनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ मध्ये स्थापन झाले. नेहमीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून नळी तपासायची आणि मगच तिच्यावर ठसा मारायचा, ही तेथील रीत. भारतीय कायद्यातही चाचणी व प्रूफ ही परवान्याचीच कामे आहेत.

अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्र बनविणे, विकणे, त्यात बदल करणे, दुरुस्त करणे, त्याची चाचणी घेणे यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्यात यातले काहीही येत नाही. डिसेंबर २०१९ मधील दुरुस्तीनंतर या कलमाच्या उल्लंघनासाठी किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप अशी शिक्षा आहे. याच दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. फुगलेले टोक कापून नळी आखूड करून घेण्याची जुनी सवय तर अधिक धोक्याची आहे. कलम ६ मध्ये नळी आखूड करण्यास स्वतंत्रपणे मनाई आहे.

नळीला आणखी एक महत्त्व आहे, ते तपासयंत्रणांच्या दृष्टीने. रायफल व पिस्तुलाच्या नळीतील चऱ्या आणि त्या पाडणाऱ्या हत्याराचे सूक्ष्म ओरखडे गोळीवर उमटतात आणि दोन गोळ्या तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून जुळविता येतात. डॉ. एम. एम. कलबुर्गी यांची ऑगस्ट २०१५ मध्ये आणि गौरी लंकेश यांची सप्टेंबर २०१७ मध्ये हत्या झाली. या दोन्ही ठिकाणच्या गोळ्या व पुंगळ्यांच्या तुलनेवरून ७.६५ मिलिमीटरचे एकच गावठी पिस्तूल वापरले गेल्याचा निष्कर्ष कर्नाटकातील न्यायवैद्यक तज्ज्ञांनी काढला होता. बाराच्या बोरला हे फारसे लागू नाही. तिची नळी आतून गुळगुळीत असते आणि छर्ऱ्यांवर अशी खूण राहत नाही.

नळी ‘गेली’ म्हणून येणारी प्रत्येक बंदूक खरोखर बाद झालेली असतेच असे नाही. शिशाचा थर, जुने तेल आणि वरवरचा गंज साफसफाईने निघतो. फुगवटा, चीर किंवा खोल खड्डे असतील तर मात्र ती वापरणे तत्काळ थांबवावे. वडिलोपार्जित बंदुकीची नळी लोखंड व पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली असेल, म्हणजे तिच्यावर लाटांसारखी नक्षी दिसत असेल, तर ती काळ्या दारूच्या काळातली समजावी. तिच्यात आजचे काडतूस घालू नये. दुरुस्तीसाठी बंदूक परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा दुरुस्तीकाराकडेच द्यावी आणि ती ताब्यात देताना पावती घ्यावी. नळी बदलावी लागणार असेल तर परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे आधी लेखी विचारणा केलेली बरी, कारण नळीवरील खुणा बदलल्या की नोंदीतील शस्त्र आणि हातातील शस्त्र यांचा मेळ बसत नाही.