पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातील प्रकल्प-व्यवस्थापक : एक स्थित्यंतर

औद्योगिक प्रदेशाचा इतिहास सामान्यतः यंत्रे, भांडवल आणि उत्पादन यांच्या आधारे लिहिला जातो. कामाची वेळ, क्रम आणि जबाबदारी कोणी सांभाळली, हा प्रश्न बहुधा मागे पडतो. पिंपरी-चिंचवड व चाकण या पट्ट्यात संगणक-प्रकल्पाच्या व्यवस्थापकाचे पद आज पालटत आहे. त्याचा उलगडा मात्र याच प्रश्नापासून करावा लागतो.

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि १९६६ मध्ये टेल्कोच्या येथील कारखान्याची उभारणी सुरू झाली. त्या कारखान्यातून पहिले व्यापारी वाहन मात्र १९७७ साली बाहेर पडले. मधल्या काळात हत्यारे, साचे आणि कुशल माणसे घडविण्यावर भर होता. सुमंत मूळगावकर यांच्या धोरणाचे हे वैशिष्ट्य होय.

संगणकाचे काम याच परिसरात रुजले. १९८९ मध्ये टेल्कोचा एक विभाग म्हणून आरंभ झालेल्या कार्यातून १९९४ मध्ये टाटा टेक्नॉलॉजीज ही स्वतंत्र कंपनी निघाली. १९९० मध्ये पुण्यात केपीआयटी स्थापन झाली. पुढे पट्ट्याला लागून असलेल्या हिंजवडीत संगणक-उद्योगाची वसाहतच उभी राहिली. त्या काळचा प्रकल्प-व्यवस्थापक म्हणजे वेळापत्रकाचा धनी. प्रथम गरजांची नोंद, मग रचना, मग आज्ञावलीचे लेखन आणि अखेरीस चाचणी, हा क्रम ठरलेला असे. १९५७-५८ मध्ये अमेरिकेत रासायनिक कारखाने व क्षेपणास्त्रे यांच्या कामासाठी निघालेल्या सीपीएम आणि पर्ट या पद्धती त्याची मुख्य आयुधे होत्या.

या व्यवस्थेला छेद देणारा विचारही मूळचा कारखान्यातलाच होता, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ताकेउची आणि नोनाका या जपानी अभ्यासकांनी १९८६ मध्ये होंडा, कॅनन आदी उत्पादकांच्या कार्यपद्धतीचे विवेचन करताना रग्बीच्या खेळाची उपमा वापरली. तिच्यावरूनच १९९५ मध्ये मांडलेल्या ‘स्क्रम’ पद्धतीचे नाव आले. या पद्धतीत प्रकल्प-व्यवस्थापक हे पदच नाही. काय करावयाचे हे एक जण ठरवितो, पद्धत नीट पाळली जाते की नाही हे दुसरा पाहतो, आणि कामाची वाटणी गट स्वतः करतो. एका माणसाचा अधिकार असा तीन ठिकाणी विभागला गेला.

तथापि चाकणने या विचाराची मर्यादाही दाखविली. बजाज ऑटो १९९९ मध्ये, मर्सिडीज-बेन्झ व फोक्सवॅगन २००९ मध्ये आणि महिंद्र २०१० मध्ये तेथे आले. मोटारीतील आज्ञावली पंधरवड्याला सुधारता येते. पत्र्याचा साचा पंधरवड्याला बदलता येत नाही. शिवाय भारत स्टेज सहा या प्रदूषण-मानकासाठी १ एप्रिल २०२० ही तारीख ठरली होती, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तारखेनंतर जुन्या मानकाच्या वाहनांची विक्री करण्यास मनाई केली. इंजिनाचे नियंत्रण आज्ञावलीकडे, तारीख कायद्याकडे, आणि २०११ च्या आयएसओ २६२६२ या मानकानुसार सुरक्षिततेचा पुरावा टप्प्याटप्प्याने देणे आवश्यक, अशी ही त्रिविध अडचण होती. ज्याला साचा, संहिता आणि कायदा या तिन्हींची भाषा कळते, अशा माणसाची गरज त्यामुळे पुन्हा निर्माण झाली. वेळापत्रक राखण्यापेक्षा काय वगळता येईल आणि काय कदापि वगळता येणार नाही, याचा निर्णय करणे हे त्याचे खरे कौशल्य ठरले.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने बैठकीची टिपणे व प्रगतीचे अहवाल यांचे मसुदे तयार करून देतात. ही कामे कंटाळवाणी खरी. परंतु नवखे अभियंते व्यवसायाची जाण त्यांतूनच मिळवीत आले. ती शिडी काढून घेतल्यावर निर्णयशक्ती कोठे घडणार, हा प्रश्न केवळ काहींच्या नोकरीचा नाही, तो सबंध पट्ट्याच्या भवितव्याचा आहे. वाहनाआधी माणसे घडविण्यास जेथे वर्षे दिली गेली, त्या भूमीला याचे उत्तर अपरिचित नसावे.