जपमाळ : अंतिम काळाविषयीची भीती आणि ख्रिस्ती आशा

ऑक्टोबर महिना ख्रिस्तसभेत पवित्र रोझरीचा महिना म्हणून पाळला जातो. ७ ऑक्टोबर हा रोझरी मातेचा सण. भाईंदर पूर्वेतील केबिन रोडसारख्या दाट वस्तीत या दिवसांत लोकलने दमून परतलेली माणसे एखाद्या घरी एकत्र जमतात, पवित्र मरिया मातेच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावली जाते आणि माळ सुरू होते. त्यांत कोणी मूळचे उत्तन-डोंगरीचे, कोणी वसईचे, तर कोणी गोव्याचे वा मंगळुरूचे असतात.

प्रार्थना आटोपल्यावर बोलण्यात अनेकदा एक प्रश्न निघतो : जगाचा अंत जवळ आला आहे काय? युद्धे, भूकंप, पूर, साथीचे रोग यांच्या बातम्या आपण रोज वाचतो. त्यांच्या जोडीला अंताची तारीख सांगणारे आणि घाबरवणारे निरोप मोबाइलवरून फिरत असतात. काही श्रद्धावंत ते वाचून खरोखरच धास्तावतात, विशेषतः वृद्ध आणि एकटी माणसे. म्हणून अंतिम काळाविषयी रोझरी आपल्याला काय शिकवते, याचा आपण येथे विचार करू.

रोझरीची वाटचाल

रोझरीचे आजचे स्वरूप अनेक शतकांत घडले. पोप पायस पाचवे यांनी १५६९ साली या प्रार्थनेला अधिकृत रूप दिले. १५७१ साली ७ ऑक्टोबर रोजी झालेल्या लेपांटोच्या लढाईनंतर या दिवसाचा सण सुरू झाला. ऑक्टोबर महिना रोझरीला वाहण्याचे आवाहन पोप लिओ तेरावे यांनी १८८३ साली केले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १६ ऑक्टोबर २००२ रोजी आपल्या प्रेषितीय पत्राद्वारे प्रकाशाची पाच रहस्ये सुचवली. आनंद, प्रकाश, दुःख आणि गौरव अशी ही वीस रहस्ये मिळून प्रभू येशूचे संपूर्ण जीवन आपल्या डोळ्यांपुढे उभे करतात.

आपल्या परिसराला तर या रहस्यांचा विशेष शेजार लाभला आहे. भाईंदरचे चर्च नाझरेथ मातेच्या नावाने आहे, तर डोंगरीचे बेथलेहेम मातेच्या. आनंदाच्या रहस्यांतील ही दोन्ही गावे आपल्याला घरचीच वाटतात. परंतु माळ नाझरेथ-बेथलेहेमला थांबत नाही. ती कालवरीवरून पुढे जाते आणि गौरवाच्या पाच रहस्यांपाशी विसावते. अंतिम काळाविषयीचा आपला विश्वास याच पाच रहस्यांत सामावलेला आहे. बुधवारी आणि रविवारी आपण ती म्हणतो.

गौरवाच्या रहस्यांवर चिंतन

पहिले रहस्य, पुनरुत्थान. शेवटी काय होणार, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती माणूस या रिकाम्या कबरेपासून शोधू लागतो. थेस्सलनीका येथील ख्रिस्ती लोक आपल्या मृत आप्तांविषयी चिंतित होते. संत पौलाने त्यांना प्रभूच्या पुनरुत्थानाची आठवण दिली आणि या विश्वासाने एकमेकांचे सांत्वन करावे असे सुचवले. अंतिम काळाची शिकवण जर आपल्याला सांत्वन देत नसेल, तर ती आपल्यापर्यंत नीट पोहोचलेली नाही असे समजावे.

दुसरे रहस्य, स्वर्गारोहण. शिष्य आकाशाकडे टक लावून उभे राहिले, तेव्हा देवदूतांनी त्यांना हटकले. प्रभू पुन्हा येणार हे सांगितले, पण केव्हा हे सांगितले नाही. तो दिवस आणि ती घटका पित्यावाचून कोणालाही ठाऊक नाही, हे प्रभूने स्वतःच स्पष्ट केले आहे. म्हणून जो कोणी तारीख सांगतो, तो प्रभूने न सांगितलेली गोष्ट सांगतो.

तिसरे रहस्य, पवित्र आत्म्याचे आगमन. शिष्यांनी ज्या खोलीची दारे भीतीने लावून घेतली होती, तेथूनच सुवार्तेचा प्रसार सुरू झाला. अंत जवळ आला म्हणून कामधंदा सोडून बसणारे लोक संत पौलाच्या काळीही होते. त्यांना त्याने कष्ट करून स्वतःची भाकर खाण्याची ताकीद दिली. जागृत राहणे म्हणजे आपले आजचे काम निष्ठेने करणे होय.

चौथे रहस्य, पवित्र मरियेचे स्वर्गउन्नयन. १ नोव्हेंबर १९५० रोजी पोप पायस बारावे यांनी हे श्रद्धासत्य घोषित केले. आपल्या बाबतीत जे अंती घडावे अशी आपण आशा धरतो, ते पवित्र मरियेच्या बाबतीत आधीच पूर्ण झाले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली तिला वाटचाल करणाऱ्या देवप्रजेसाठी निश्चित आशेचे चिन्ह म्हटले, ते याच अर्थाने.

पाचवे रहस्य, पवित्र मरियेचा राज्याभिषेक. प्रकटीकरणाच्या पुस्तकात बारा ताऱ्यांचा मुकुट ल्यालेली स्त्री दिसते आणि तिच्यासमोर अजगर उभा असतो. संघर्ष तेथे लपवलेला नाही. परंतु त्या पुस्तकाचा शेवट अजगराने होत नाही. देव माणसांमध्ये वस्ती करतो आणि त्यांच्या डोळ्यांतील अश्रू पुसतो, त्या नव्या नगरीच्या दर्शनाकडे ते आपल्याला नेते.

फातिमाचा संदेश कसा समजावा?

घाबरवणाऱ्या निरोपांत फातिमाचे नाव पुष्कळदा घेतले जाते. पोर्तुगालमधील फातिमा येथे १९१७ साली तीन मुलांना मातेचे दर्शन घडले. प्रत्येक दशकानंतर आपण येशूला क्षमेसाठी विनवणारी जी छोटी प्रार्थना करतो, ती तेथूनच आली. फातिमाच्या रहस्याचा तिसरा भाग व्हॅटिकनने २६ जून २००० रोजी प्रसिद्ध केला. त्यासोबतच्या विवेचनात कार्डिनल रॅट्झिंगर, म्हणजे पुढे पोप झालेले बेनेडिक्ट सोळावे, यांनी स्पष्ट केले की ते दर्शन म्हणजे अटळ भविष्याचे चित्रण नव्हे. माणसाने पश्चात्ताप करून इतिहासाला चांगले वळण द्यावे, हा त्याचा हेतू आहे. अशा खासगी प्रकटीकरणांनी प्रभू ख्रिस्ताच्या प्रकटीकरणात नवी भर पडत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण सर्वांनी ध्यानी ठेवावी.

आता आणि मरणाच्या वेळी

एका माळेत आपण नमो मरियेची प्रार्थना त्रेपन्न वेळा म्हणतो आणि प्रत्येक वेळी दोनच घटकांसाठी मातेची विनंती मागतो : आताची घटका आणि मरणाची घटका. जगाचा अंत केव्हा येईल ते आपल्या हाती नाही. मात्र या दोन घटका प्रत्येकाच्या वाट्याला येणारच.

कोरोनाच्या काळात हे आपण जवळून अनुभवले. कितीतरी जणांनी आप्तस्वकीयांविना प्राण सोडला. चर्चची दारे बंद होती, तेव्हा घराघरांत माळच आधार ठरली. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे दुसऱ्या लाटेनंतर पुन्हा उघडली तो दिवस होता ७ ऑक्टोबर २०२१, म्हणजे रोझरी मातेच्या सणाचा दिवस. ज्यांच्या उशाशी कोणी नव्हते, त्यांच्यासाठी ती माता होती, हा आपला विश्वास आहे. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनी त्यांच्यासाठी आपण अवश्य माळ म्हणावी.

पोप फ्रान्सिस यांनी २० जून २०२० रोजी लोरेटोच्या लितानीत तीन नव्या विनवण्या घातल्या. त्यांपैकी एकीत पवित्र मरियेला आशेची माता आणि दुसरीत स्थलांतरितांचे सांत्वन म्हटले आहे. गाव सोडून भाड्याच्या खोलीत संसार मांडणाऱ्या आपल्या कुटुंबांना या दोन्ही विनवण्या किती जवळच्या आहेत! आशा हाच विषय घेऊन २०२५ चे जयंती वर्षही साजरे झाले.

तेव्हा पुढच्या वेळी असा भयकारी निरोप आला, तर तो दुसऱ्याला न पाठवता माळेचे एक दशक म्हणावे. त्यानंतर शेजारच्या आजारी अथवा एकाकी व्यक्तीची विचारपूस करावी. अंतिम न्यायाच्या वेळी प्रभू कोणते प्रश्न विचारणार आहे, हे संत मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात त्याने आधीच सांगून ठेवले आहे. भुकेल्याला अन्न दिले काय? परक्याला घरात घेतले काय? आजाऱ्याला भेटलात काय? त्यांत तारखेचा प्रश्न कोठेही नाही.

आशेची माता आपणा सर्वांसाठी विनंती करो.